दुसरा प्रश्न

"बाई, ही सतरा नंबरची मुलगी नापास कशी काय?"

विद्यार्थिनीने पडद्यावरची नजर न काढता विचारलं. बाई खिडकीपाशी बसून जुन्या फायलींचे गठ्ठे सुतळीने बांधत होत्या. एक गाठ अर्धी झाली होती, ती तशीच राहिली. "नापास म्हणू नये," त्या सवयीने म्हणाल्या. "मुलं नापास होत नसतात. 'अजून नाही' असं म्हणायचं." हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं की ते तोंडातून बाहेर पडायला त्यांची स्वतःची फारशी गरज उरली नव्हती. "बरं, अजून नाही," विद्यार्थिनी म्हणाली. गुणी मुलगी होती, मोठ्यांच्या शब्दाला मान देणारी, पण हातात धरलेलं सोडणारी नव्हती. "पण का? पहिल्यांदा तर तिने बरोबर सांगितलंय की."

संस्था महिनाअखेर नव्या इमारतीत जाणार होती. त्याआधी कपाटभर जुन्या कॅसेटी, म्हणजे बाईंच्या उमेदीच्या काळात लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांचं सगळं चित्रीकरण, संगणकावर उतरवून घ्यायचं काम या मुलीला दिलं होतं. प्रत्येक कॅसेट बघायची, सोबतचा कागद ताडून पाहायचा आणि नव्या तक्त्यात भरायचा. बाईंना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. तरी कोपऱ्यातली ही खोली त्यांच्याकडे राहिली होती, कोणी काढून घेतली नाही म्हणून. आणि आठवड्यातून दोनदा त्या इथे येऊन बसत, कोणी येऊ नका म्हटलं नाही म्हणून. आता मात्र सगळंच आवरायचं होतं, खोलीही आणि घरही. सोमवारी सामानाची गाडी येणार होती. लेक सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात राहत होती. इथे तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे हे असे. तेव्हा बाई आता कायमच्या तिच्याकडे निघाल्या होत्या. "लेकीने आग्रहाने बोलावलंय," हे त्यांनी शेजारणीला सांगितलं होतं, औषधांच्या दुकानात सांगितलं होतं, जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं होतं. शेजारीण म्हणाली होती, "अहो, जाता कशाला लांब? तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होतायत की. इथल्या इथे उतरा." बाई नुसत्या हसल्या होत्या. लेक बोलावत असताना तळमजल्यावर कोण राहतं?

"परत लाव," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर येऊन बसल्या.

चित्र जरा फिकं झालं होतं, पण टेबल ओळखू आलं. बुटकं टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि कापडावर कोटाची तपकिरी बटणं, सहा सहाच्या दोन ओळींत, एकीसमोर एक. मनगटावर घड्याळ असलेला एक हात चौकटीत आला आणि त्याने खालच्या ओळीतली बटणं एकमेकांपासून लांब सारली. वरची ओळ आखूड राहिली, खालची लांबलचक झाली. बटणं तितकीच. हा सगळा खेळ एवढाच होता, आणि या एवढ्याशा खेळावर बाईंची सगळी हयात गेली होती. चार वर्षांच्या पोराला विचारावं, तर ते लांब ओळीकडे बोट दाखवून म्हणणार, ह्याच्यात जास्त. आठ वर्षांचं पोर तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणणार, सारखीच आहेत, तुम्ही फक्त पसरलीत. मधल्या कुठल्या दिवशी, कुठल्या दुपारी त्या पोराच्या डोक्यात हे उजाडतं? आणि ते लवकर किंवा उशिरा कशामुळे होतं, घरात बोलणारी माणसं किती, पाठची-पुढची भावंडं किती, शाळेत घातलं कधी? बाईंनी चौसष्ट मुलं तपासली होती. डोळ्यात तेल घालून तपासली होती. आणि मुलं अंदाजपंचे ठोकून देतात, ते पकडायला म्हणून त्यांनी स्वतःच्या बुद्धीने एक भर घातली होती: मुलाने उत्तर दिलं की पाच सेकंद थांबायचं, आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच स्वरात पुन्हा विचारायचा. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं तरच त्या मुलाला समजलं असं धरायचं. संस्थेत त्याला 'बाईंचा दुसरा प्रश्न' असंच म्हणत. पुढे इतरांनीही तो उचलला.

पडद्यावरच्या मुलीच्या दोन वेण्या होत्या, एकीची फीत सुटली होती. पाय जमिनीला पुरत नव्हते, ते हलत होते. "आता दोन्ही ओळींत बटणं सारखी आहेत, की एका ओळीत जास्त आहेत?" चौकटीबाहेरून एका तरुण बाईचा आवाज आला, इस्त्री केलेल्या कपड्यासारखा, कुठे सुरकुती नाही. "सारखी," मुलगी म्हणाली. पाय हलतच होते. पाच सेकंद गेले. "आता दोन्ही ओळींत बटणं सारखी आहेत, की एका ओळीत जास्त आहेत?" पाय थांबले. मुलीने बटणांकडे पाहिलं नाही. तिने वर पाहिलं, जिथे त्या बाईचा चेहरा असणार तिथे, आणि बराच वेळ पाहत राहिली. मग बोट लांब ओळीवर टेकवून म्हणाली, "ह्याच्यात जास्त." आणि अगदी हळू, "आई, चुकलं का माझं?" हात आला आणि त्याने बटणं गोळा केली.

विद्यार्थिनीने कागद पुढे केला. बाईंचंच अक्षर, टोकदार, उजवीकडे झुकलेलं. पहिलं उत्तर: सारखी. दुसरं उत्तर: जास्त. निष्कर्ष: अजून नाही. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: अवांतर बोलणे. "आणि ती तुम्हाला आई का म्हणते?" विद्यार्थिनीने विचारलं. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "लहान मुलं म्हणतात बाईंना आई," त्या म्हणाल्या. "चुकून."

असं होतंही, खोटं नव्हतं ते. पण तोंडात मारल्यासारख्या त्या बसून राहिल्या. सतरा नंबरच्या मूळच्या मुलाला कांजिण्या आल्या होत्या, हे त्यांना आठवलं. जागा रिकामी राहिली असती, आकडा बिघडला असता, आणि घरात बरोब्बर त्या वयाची मुलगी होती, पाच वर्षं दोन महिने. आयती. संस्थेच्या जिन्यात त्यांनी तिला बजावलं होतं, "आत गेल्यावर मी आई नाही हं. सगळे म्हणतात तशी तूसुद्धा बाई म्हणायचं." तिला त्याची मोठी मौज वाटली होती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ती बाई, बाई, बाई म्हणत वर आली होती. त्या आत गेल्या आणि खरोखरच आई राहिल्या नाहीत. तो आवाज त्यांनी आरशासमोर बसून कमावला होता. शाबासकी नाही, नाराजी नाही, भुवई हलवायची नाही. मुलाला चेहऱ्यावरून काही कळता कामा नये. चेहऱ्यावरून काहीच कळेना म्हणून ते पोर घाबरून जाईल, आपलं कोण आणि परकं कोण हेच त्याला उमजेनासं होईल, असं काही तेव्हा त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मुलांच्या मनात काय येतं याचा अभ्यास करणारी बाई. तिच्या मनात एवढं येऊ नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि तो आवाज संस्थेत ठेवून घरी येता आलं असतं, तर एक वेळ निभलं असतं. पण हाताला खडू लागतो तसा तो लागून घरी आला. "दूध हवं?" "नको." जरा थांबून, "दूध हवं?" "दे." ताटावर, आंघोळीला, बाहेर निघताना, सगळीकडे. त्यांना वाटायचं, मुलीला आपण विचार करायला शिकवतोय. इतर आया लादतात, आपण विचारतो. तेही एकदा नाही, दोनदा. नवरा पूल बांधणारा इंजिनीअर होता, महिन्यातले पंधरा दिवस कुठल्या तरी नदीवर. घरी असला की पेपरामागून म्हणायचा, "एकदा विचारलंस ना तिला? आता पुरे कर. पोलीस ठाण्यातसुद्धा इतकं विचारत नाहीत." बाईंना हसू यायचं. तो स्वतः मात्र एकदाच विचारायचा. मुलगी नाही म्हणाली की "नाही तर नाही" म्हणून वळायचा. बाईंना तो त्याचा आळस वाटायचा. एकदा तिघं रेनकोट घ्यायला गेले होते. मुलीने पिवळा धरला होता, छातीशी धरला होता अक्षरशः. "हाच हवा?" "हो." बाईंनी तो न्याहाळला, मळेल असं त्यांच्या मनात आलं, पण त्या बोलल्या नाहीत, प्रभाव टाकायचा नाही, हे तत्त्व. त्यांनी फक्त पुन्हा विचारलं, "हाच हवा?" मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पिवळा रेनकोट परत ठेवून निळा उचलला. "ताई, फार समजूतदार मुलगी आहे हो तुमची," दुकानदार म्हणाला होता, आणि बाई सुखावल्या होत्या. घरी येईपर्यंत नवऱ्याने मुलीला खांद्यावर घेतलं होतं, एवढं आठवतं. त्याला जाऊन आता सहा वर्षं होत आली. कोणी तरी शेवटचं विचारायला हवं होतं त्याला, की तुला दिसत होतं का रे? दिसत असणार. त्याला पूल कुठे खचतोय ते लांबून दिसायचं.

"बाई," विद्यार्थिनी म्हणत होती, "असे तेवीस आहेत. मी मोजले काल. चौसष्टातल्या तेवीस मुलांनी पहिलं उत्तर बरोबर दिलंय आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर बदललंय. सगळ्यांना 'अजून नाही'." ती आरोप करत नव्हती, तिच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं, आणि तेच सोसवत नव्हतं. "ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. ठाऊक होतंच. त्या तेवीस जणांना त्यांनी नावसुद्धा दिलं होतं, 'डळमळीत गट'. ज्यांना समजल्यासारखं वाटतं पण पुरतं समजलेलं नसतं, अशी मुलं. पुढे दुसऱ्या एका विद्यापीठातल्या दोघांनी लिहिलं की मोठ्या माणसाने तेच पुन्हा विचारलं की मूल धरून चालतं, आपलं पहिलं चुकलं. नाही तर हे लोक पुन्हा कशाला विचारतील? मूल बटणांचा नव्हे, विचारणाऱ्याचा विचार करतं. बाईंनी त्याला सणसणीत उत्तर छापून आणलं होतं. 'मूल प्रश्नाला उत्तर देते, प्रश्नकर्त्याला नव्हे.' काय वाक्य होतं. सहकाऱ्यांनी खांद्यावर थाप मारली होती, आणि पुढच्या वर्षी त्यांना वर्षभरासाठी बाहेरच्या मोठ्या संस्थेत शिष्यवृत्तीवर बोलावलं गेलं होतं ते त्या वाक्याच्या जोरावरच.

ते वर्ष. बाईंनी ते इतकी वर्षं फडताळात अगदी मागे सारून ठेवलं होतं, आणि आज ते आपसूक पुढे आलं. लेक नऊ वर्षांची होती. टेबलाशी बसून वह्यांना तपकिरी कागदाची वेष्टणं घालत होती, जिभेचं टोक बाहेर काढून. नवऱ्याचं काम नदीवर चालू होतं, तेव्हा मुलीला आत्याकडे ठेवावं लागणार होतं. तसं ठरलंच होतं खरं तर. पत्राला होकार जाऊन दोन दिवस झाले होते. पण विचारायला हवं, नाही का? आपण लादणाऱ्यांतल्या नाही. "वर्षभर आत्याकडे राहशील?" लेकीने मान वर न करता सांगितलं, "नको." अगदी स्पष्ट नको. त्या थांबल्या. पाच सेकंद असतील, सहा असतील. मग त्याच आवाजात, ज्याला सुरकुती नव्हती त्या आवाजात, त्यांनी विचारलं, "वर्षभर आत्याकडे राहशील?" लेकीने हातातली कात्री खाली ठेवली आणि वर पाहिलं. पडद्यावरची मुलगी पाहत होती तसंच. "राहीन," ती म्हणाली आणि पुन्हा कागद दुमडायला लागली. त्यानंतर कितीतरी लोकांना बाईंनी सांगितलं, "मी तिला विचारलं होतं ना. तीच म्हणाली, राहीन." खोटं कुठे होतं त्यात? ती परत आली तेव्हा, म्हणजे बाई परत आल्या तेव्हा, लेक चार बोटं उंच झाली होती. तिने दारातच त्यांना पाणी आणून दिलं, पाहुण्याला देतात तसं, पेल्याखाली बशी धरून. बाईंना तेव्हा तिच्या शिस्तीचं कौतुक वाटलं होतं. आज या जुन्या खोलीत, भर दुपारी, त्या बशीची आठवण येऊन त्यांना हुंदका आवरेना, आणि त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

"पाणी देऊ, बाई?" "नको," त्या म्हणाल्या. विद्यार्थिनी तरी उठलीच आणि पाणी ठेवून गेली. काही माणसं विचारून ऐकत नाहीत, हीही एक माया असते. बाईंना मात्र विचारून न ऐकण्याची वेगळीच तऱ्हा साधली होती. आपलं ते खरं करायचं, आणि तेही समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. लग्नाच्या आधीसुद्धा लेक म्हणाली होती, "आई, मला वाटतं थांबावं." बाईंनी एवढंच म्हटलं होतं, "थांबावं वाटतं?" आणि ती म्हणाली, "नाही, तसं नाही, ठीक आहे." ते पाच वर्षांत मोडलं. मोडलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "अगं, मग आधी बोलायचं नाहीस का?" लेकीला सगळं गिळायची सवयच होती, आणि ती कुणी लावली हे तिनेही कधी काढलं नाही.

आता ती आणि तिची साडेचार वर्षांची मुलगी, दोघीच राहत. मागच्या सुट्टीत बाई आठ दिवस जाऊन आल्या होत्या. तेव्हा एकदा बागेत निघताना दारात लेकीने विचारलं होतं, "मोजे घालणार?" नात म्हणाली, "नाही." लेकीने मोजे उचलून खणात ठेवून दिले, बस. पोरगी नुसत्या बुटांत हिंडली आणि टाचेला फोड आला. लेकीने बाकावर बसून पट्टी लावली, फुंकर घातली. "पुन्हा एकदा विचारायचं तरी होतंस," बाई म्हणाल्या होत्या. लेक पट्टीचा कागद दुमडत म्हणाली, "एकदा विचारलं ना आई. ती नाही म्हणाली. मग नाही." आवाज चढवला नव्हता तिने. बाईंच्या मनात आलं होतं, आजकालच्या आया, वेळच नसतो यांना, एकदा विचारून मोकळ्या. त्यांनी नोंदसुद्धा केली होती मनात, पोरीला वळण लागायचं नाही अशाने. आणि नात पट्टी लावलेला पाय मजेत हलवत, त्या दिवसभर काही विचारलं की पटकन, खणखणीत उत्तर देत होती. उत्तर देऊन कुणाच्याही तोंडाकडे बघत नव्हती. एवढं समोर दिसत होतं. चाळीस वर्षं मुलांचं निरीक्षण केलेल्या बाईला ते दिसलं नाही.

मग तीन आठवड्यांपूर्वीचा फोन. बाईंना त्या आठवणीकडे जायचं नव्हतं, पण मन काय, ढोरासारखं नको तिथेच शिरतं. रविवारची सकाळ होती, दहा वाजले असतील. आदल्या दिवशी जिन्यात त्यांचा गुडघा धरला होता आणि दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर त्या वीस मिनिटं बसून होत्या. ते त्यांनी लेकीला जरा रंगवून सांगितलं. मग म्हणाल्या, "मी तुझ्याकडेच येऊन राहिले तर?" पलीकडे नात कसलं तरी गाणं म्हणत होती. मग लेक म्हणाली, "आई, नको गं. आत्ता नको. आत्ता कुठे आमचं दोघींचं जरा बसतंय." तिने नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं, कारणासकट म्हटलं होतं, चाळिशीला टेकलेल्या बाईला नको म्हणायला जेवढं बळ लागतं तेवढं सगळं एकवटून म्हटलं होतं. आणि बाई काय म्हणाल्या? रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. थांबल्या. मग शांतपणे, "येऊन राहिले तर?" बस, एवढंच. "तसं नाही, आई," लेक घाईघाईने म्हणाली. "ये. ये ना. मागची खोली रिकामीच आहे." बाईंनी फोन ठेवला, चहा टाकला आणि शेजारणीचं दार वाजवलं. लेकीने आग्रहाने बोलावलंय.

बटणं गोळा करणारा तो हात पडद्यावर तसाच थांबला होता. विद्यार्थिनीने चित्र अडवून ठेवलं होतं. बाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. घड्याळ तेच होतं, पट्टा तेवढा तीनदा बदललेला. सोमवारी तो हात मागच्या खोलीत जाऊन राहील, त्यांच्या मनात आलं. खोक्यांतून भांडी काढील. आणि घरात एक बाई असेल, जी उत्तर देऊन आईच्या तोंडाकडे बघेल, आणि एक लहान मुलगी असेल, जिला अजून बघायची सवय नाही. अजून नाही. सहा महिने पुरतील तिला. कदाचित तितकेही लागायचे नाहीत. लेकीला हेच तर सांगायचं होतं, आमचं बसतंय म्हणताना. बाईंना त्या मागच्या खोलीची ओढ होती, ती खोटी नव्हती. संध्याकाळी दार उघडलं की आत कुणी तरी बोलत असावं, एवढंच त्यांना हवं होतं. साठी उलटलेल्या माणसाने एवढं मागितलं तर काय बिघडलं? काहीच नाही. पण त्यांनी मागितलं होतं, आणि त्यांना उत्तर मिळालं होतं.

"मग तक्त्यात काय भरू?" विद्यार्थिनीने विचारलं. "बदलायचं का हे?"

"खोडायचं काही नाही. जे लिहिलंय ते तसंच उतरव, माझी चूक माझ्या अक्षरात राहू दे. फक्त बाजूला एक रकाना वाढव. पहिलं उत्तर, म्हणून. तेविसांचंही." बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "आणि हिच्या शेऱ्यात अवांतर लिहिलंय ना, तिथे ती काय म्हणाली ते लिही. शब्द न् शब्द."

"आई, चुकलं का माझं," विद्यार्थिनीने लिहीत लिहीत उच्चारलं.

"माझी लेक आहे ती," बाई म्हणाल्या. "चुकून नव्हती म्हणाली."

विद्यार्थिनीने पेन खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "मी चहा सांगून येते," आणि दार अलगद ओढून घेऊन गेली. बाहेर पोरांचा आवाज येत होता. खालच्या बालवाडीची मधली सुट्टी झाली असावी. लेकीचीही जेवणाची सुट्टी हीच. बाईंनी फोन काढला, नंबर लावला आणि वाजतोय तोवर खिडकीतून खाली पाहत राहिल्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे, त्यांना वाटलं. पण घोडं निघालं होतं खरं.

"हं, आई. बोल. गाडीचं पक्कं झालं?"

"मी येत नाहीये गं."

"म्हणजे?"

"म्हणजे इथेच राहते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होतायत. जिना नको, काही नको. शेजारीण आहेच. सुट्टीत येईन, चार दिवस." आवाज सरळ राहावा म्हणून त्यांनी खिडकीचा गज धरला होता. आयुष्यभर कमावलेला तो बिनसुरकुतीचा आवाज आज पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी येत होता.

पलीकडे डबा बंद केल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. लेक उठून बाजूला गेली असावी, कारण मागची माणसं अस्पष्ट झाली.

"तुला यायचं नाहीये?" तिने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

बाई मोजायला लागल्या. ठरवून नाही, ती मोजणी त्यांच्या अंगातच होती. एक. खाली एक मूल दुसऱ्याचा हात धरून ओढत होतं. दोन. लेकीचा श्वास ऐकू येत होता, फोनच्या अगदी जवळ. तीन. त्यांना खोलीभर बांधून ठेवलेले गठ्ठे दिसत होते, घरातली खोकी दिसत होती, त्यांच्यावर घातलेलं 'लेकीकडे' असं नाव दिसत होतं. चार. तो श्वास हळूच सुटला, फार दिवस धरून ठेवलेला सुटतो तसा. पाच.

"बरं, आई," लेक म्हणाली.

तिच्या आवाजात काहीतरी मोकळं झालं होतं, आणि त्यात मायाही होती, पूर्वीपेक्षा जास्तच. औषधं वेळेवर घे म्हणाली. तळमजल्यावर ओल असते, भिंती बघून घे म्हणाली. रविवारी फोन करते म्हणाली, आणि फोन ठेवला. बाई फोन कानाला तसाच धरून उभ्या राहिल्या. लेकीने एकदाच विचारलं होतं. पुन्हा विचारलं असतं, त्याच शब्दांत, तर बाई म्हणाल्या असत्या, येते.